आडवी बैठक

भोंग्याने नोकरी सोडली.

हे वाक्य रांग मोडून पुढे आलं आहे. त्या रविवारी दुपारी घरात ते कुणालाच माहीत नव्हतं, खुद्द भोंग्यालाही नाही. त्यामुळे आपणही ते ऐकलं नाही असंच धरून चालू. तर, भोंगा नोकरीत होती. जेवणं आटोपली होती, ताटं धुऊन पालथी घातली होती, आणि पुढच्या खोलीत सतरंज्या पसरल्या जात होत्या, कारण बैठक होती.

या घरात बैठक आडवं होऊन चालते. हे आजोबांनी लावून दिलेलं. आजोबा छतांना प्लास्टर करायचे. जन्मभर लोकांच्या डोक्यावर काम केलं आणि जन्मभरात कुणी मान वर करून पाहिलं नाही, हे त्यांना फार लागलं होतं. म्हणून घरातल्या पुढच्या खोलीचं छत त्यांनी जीव ओतून केलं आणि फर्मान काढलं की यापुढे कुठलाही मोठा निर्णय त्याच्याखाली उताणं पडूनच घ्यायचा. कारण विचारलं तर म्हणायचे, उताण्या माणसाला भांडता येत नाही, फार तर कुरकुरता येतं. पाठ जमिनीला टेकलेली हवी. कोपरावर उठेल त्याचं मत बाद. आणि मध्येच ज्याला झोप लागेल, त्याने झोपेआधी ऐकलेल्या शेवटच्या वाक्याला होकार दिला असं समजायचं. या झोपेच्या नियमामुळे मागच्या पिढीत आत्याचं लग्न ठरलं होतं, आणि त्याच दुपारी आजोबांचा डोळा लागल्यामुळे मोडलंही होतं. आत्याची दोन्हींबद्दल तक्रार नव्हती.

खिडकीला आईने शिवलेला पिवळा पडदा होता. त्यामुळे खोलीतलं ऊन चहात बुडवून काढल्यासारखं दिसे. खिडकीखाली आई आडवी झाली. तिच्या शेजारची जागा बाबांची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या जागेवर कुणी पडत नसे. उन्हाचा एक चौकोन तेवढा तिथे येऊन पडे आणि बैठक संपेपर्यंत, कुणाचीही बाजू न घेता, सरकत राही. त्यापलीकडे लिफ्टकाका, बाबांचा धाकटा भाऊ. तो शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि जमिनीवर पाठ टेकली की जरा बिचकायचा, कारण जमीन कुठेच जात नाही. मग भूलआत्या, सगळ्यांत मोठी. ऑपरेशन थिएटरात भूल देणाऱ्या डॉक्टरांशेजारी उभं राहण्यात तिची सगळी नोकरी सरली होती, आणि अजूनही ती कुणाचा हात हातात घेतला की आधी नाडी बघायची. मग धाकटा, भोंग्याचा भाऊ. त्याला मत होतं, पण ते चेष्टेत काढायची घराची पद्धत होती. आणि दाराशी भोंगा.

लहानपणी तिने हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली माणसं ओ द्यायची, म्हणून भोंगा. पुढे त्याच गळ्याची तिने नोकरी केली. एका कंपनीत, स्पंज लावलेल्या खोलीत, कानावर हेडफोन चढवून ती बोलायची आणि ते रेकॉर्ड व्हायचं. 'दरवाजा बंद होत आहे' ही ती. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हीही ती. गाडी मागे घेताना गाडीतून जी बाई काळजी करते, तीसुद्धा तीच. शहरात कुठेही जा, भोंगा तिथे आधीच पोचलेली असायची, आणि फार नम्र असायची.

घरात मात्र ती अलीकडे बोलतच नव्हती. बोललीच तर 'कृपया मीठ इकडे सरकवावे' असं काहीतरी, आणि त्या सरळ, गुळगुळीत आवाजात. धाकटा सुरुवातीला हसला होता. मग एकदा तिने स्वतःच्याच खोलीच्या दारावर टकटक केली आणि आतून कुणी 'या' म्हणेल म्हणून उभी राहिली. तेव्हापासून तो हसायचा थांबला. बैठक त्यानेच बोलावली होती.

"सांग आता," आत्या छताकडे बघत म्हणाली. "घाई नको. श्वास सोडत सांग."

भोंग्याने सांगितलं. छतालाच सांगत असल्यासारखं, मध्ये मध्ये थांबत. साहेब कधी ओरडत नाही, इथून तिने सुरुवात केली. साहेब काचेमागे बसतो आणि हळू बोलतो. दोन-तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या वाढदिवसाला त्याने गंमत म्हणून तिच्या जुन्या रेकॉर्डिंगमधले शब्द तोडून जोडले आणि ऑफिसच्या स्पीकरवर लावले. 'लेखा विभाग, आपण केक दोनदा घेतला आहे.' सगळे हसले. तीही हसली. मग ते रोजचं झालं. कुणाला उशीर झाला की स्पीकरवर भोंगा: 'आपण उशिरा आला आहात. कृपया सर्वांनी यांच्याकडे पाहावे.' आणि सगळ्यांना बघावं लागायचं. कुणी बाथरूममध्ये जास्त वेळ राहिलं, तर 'आपण आत आहात, याची नोंद घेण्यात आली आहे.' साहेब एक अक्षर बोलायचा नाही. तो फक्त बटण दाबायचा. लेखा विभागातली बाई, जिच्याबरोबर भोंगा इतकी वर्षं डबा खायची, ती आता जिन्यात बसून एकटी खायची.

मागच्या आठवड्यात भोंग्यालाच उशीर झाला. दारातून आत पाऊल टाकलं तर वरून स्वतःचाच आवाज आला, की आपण निराशा केली आहे.

"मग तू काय केलंस?" धाकट्याने विचारलं.

"सॉरी म्हटलं."

"कुणाला?"

"स्पीकरला," भोंगा म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तो काही बोलला नाही."

हे झालं जुनं. नवं असं होतं की साहेबाला काही माणसं काढायची होती आणि त्यासाठी लागणारे शब्द त्याच्याकडे नव्हते. भोंग्याने आयुष्यात कधी, कुठल्याही लिफ्टसाठी वा बँकेसाठी, 'लाज' हा शब्द रेकॉर्ड केलेला नव्हता. 'शेवटची संधी' नव्हतं. 'आपलं सामान आवरा' नव्हतं. उद्या सकाळी हे शब्द रेकॉर्ड करायचे, असं साहेबाने हेडफोनमधून, अगदी कानात, सांगितलं होतं. तेव्हा आता एक तर उद्या जाऊन ते शब्द द्यायचे, नाहीतर जायचंच नाही.

पंखा वर फिरत होता. त्याची किरकिर छतावर गोल गोल पसरत होती आणि आजोबांचं प्लास्टर त्यातून पाण्याखालच्या वाळूसारखं हलत होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. आडव्या बैठकीत हे चालतं. कोण विचार करतंय आणि कोण पेंगतंय, ते बाहेरून कळत नाही, आणि घराची शिस्त याच शंकेवर टिकून होती.

पहिला काका बोलला. त्याचं म्हणणं, सोडू नये. त्याने आपल्या धंद्यातलं उदाहरण दिलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं दार फाकवून उडी मारायला बघतात, आणि नेमकी तेव्हाच ती चालू होते. आत थांबलेल्याला आपण कधी ना कधी काढतोच. साहेब काय, आज आहे, उद्या दुसरा येईल.

हे बोलताना काकाला छतात एक शाफ्ट दिसत होता, उभा, अंधारा, तळाशी दिवा असलेला. भोंग्याला त्या कंपनीत त्यानेच चिकटवलं होतं. दिवसभर तो शाफ्टमध्ये लोंबकळत ग्रीस लावायचा, आणि खालून, भिंतीपलीकडून, पुतणीचा आवाज वर यायचा: चौथा मजला, पाचवा मजला. एवढ्या उंचीवर घरचं माणूस मजले मोजतंय, याचा त्याला फार धीर वाटे. हे तो बैठकीत बोलला नाही.

"तुझ्या लिफ्टमध्ये निदान घंटा असते," आत्या म्हणाली. "हिच्या लिफ्टमध्ये घंटासुद्धा हीच." आत्याचं मत, सोडावी. आजच सोडावी. तिने असे साहेब पाहिलेले होते, टेबलावर उताणे. आकडे म्हणायला लावलं की पाचाच्या पुढे एकही गेला नव्हता.

धाकटा आत्याच्या बाजूने होता. त्याने एक योजनाही मांडली. भोंग्याने उद्या जाऊन ते शब्द रेकॉर्ड करावेत, पण इतक्या प्रेमाने, की 'आपलं सामान आवरा' ऐकून माणसाला सहलीला निघाल्यासारखं वाटावं. योजना कुणी मनावर घेतली नाही, पण काका मनातल्या मनात थोडा हसला आणि त्याचं पोट हललं, हे आत्याच्या कोपराला कळलं.

राहिली आई. आई म्हणाली, "राहा तिथेच. सोडू नकोस."

"का?" आत्या.

"उगाच."

"उगाच हे कारण झालं का वहिनी?"

"बैठकीत कारण द्यायलाच हवं असं मामंजींनी कुठे सांगितलंय," आई म्हणाली. ते खरं होतं.

झाली मतं दोन विरुद्ध दोन. आता भोंग्याचं मत. सगळे छताकडे बघत थांबले. उन्हाचा चौकोनही जरा थांबल्यासारखा झाला.

"सोडली तरी तो तिथेच राहणार," भोंगा म्हणाली.

"कोण, साहेब?"

"आवाज. लिहून दिलंय मी, रेकॉर्ड झालेलं सगळं कंपनीचं. मी गेले तरी तो तिथे ओरडत राहणार लोकांवर. आता मी निदान समोर बसलेली असते. तो ओरडतो तेव्हा मी मान वर करून बसते, म्हणजे माझं तोंड बंद आहे एवढं तरी सगळ्यांना दिसतं. मी नसले तर ओरडणारी मीच आहे असं वाटेल त्यांना."

  भोंग्याला छतात काहीच दिसत नव्हतं. नुसतं पांढरं, आणि ते पांढरं हळूहळू खाली येत होतं, धुतलेल्या चादरीसारखं, दोन टोकं कुणीतरी धरलेली. तिला आठवडाभर झोप नव्हती. चादर नाकाला लागली तेव्हा तिने विचार केला की आता आपण काहीतरी ठरवलं पाहिजे.

"या पंख्याला तेल द्यायला हवं," काका म्हणाला.

आणि भोंगा झोपली.

आत्याने धाकट्यावरून हात लांबवून तिचं मनगट धरलं. थोडा वेळ बोटं ठेवली, मग हात हलकेच परत सतरंजीवर ठेवला. "गेली," ती म्हणाली. "खोल गेली. छान गेली."

"मग मत?" धाकट्याने विचारलं.

नियम स्पष्ट होता, तरी आईने पुन्हा विचारून घेतलं, की शेवटचं वाक्य नक्की कोणतं. शेवटचं वाक्य पंख्याचंच, याबद्दल चौघांचं एकमत झालं. या घराण्याच्या इतिहासात आजवर दुकान विकण्याचा, वेगळं राहण्याचा, एकदा तर कुत्रा पाळण्याचा ठराव झोपेत मंजूर झालेला होता. आता पंख्याला तेल देण्याचा झाला. नोकरीचं मात्र दोन विरुद्ध दोनच राहिलं.

"वहिनी, आता ती ऐकत नाहीये," आत्या आवाज खाली आणून म्हणाली. "सांगा बघू. का राहू दे म्हणताय?"

 आईचे दोन्ही हात पोटावर होते आणि बोटं अदृश्य कापडाला टीप घालत होती.

"मी सांगू का?" काका म्हणाला.

"भाऊजी."

"सांगतोच आता. डोळ्यांच्या दवाखान्याची ती बिल्डिंग आहे ना, तिथली लिफ्ट माझ्याकडे आहे. मी वर मशीनच्या खोलीत असतो. एकदा बघतो तर लिफ्ट नुसती वर जातेय, खाली येतेय, वर जातेय, खाली येतेय. म्हटलं बिघडली. खाली उतरून दार उघडलं तर आत वहिनी. हातात भाजीची पिशवी."

"डोळे दाखवायला गेले होते."

"दवाखाना बंद होता त्या दिवशी."

धाकट्याला हे नवीन होतं. तो छतातल्या एका फटीकडे बघत राहिला. ती फट लहानपणी त्याला नदी वाटायची, आता ती वायर वाटत होती. आई, जी घरात सतत काहीतरी पुटपुटत शिवत बसते, ती लिफ्टमध्ये एकटी उभी आहे, पिशवी दोन हातांत धरून, असं चित्र त्याला दिसलं आणि ते चेष्टेत कसं काढावं हे त्याला कळेना.

"घरी ती बोलत नाही," आई शेवटी म्हणाली. अगदी हळू. "तिथे बोलते. मी आत शिरले की म्हणते, आपलं स्वागत आहे. कुठल्या मजल्यावर आलो ते सांगते. उतरताना रोज म्हणते, सावकाश उतरा. घरात कोण म्हणतं मला सावकाश उतरा?" थोडं थांबून ती म्हणाली, "मीही बोलते मग तिच्याशी. कुणी दुसरं चढलं की गप्प बसते. आता हिने सोडली, तर ते लोक लिफ्टमध्ये दुसरी कुणी घालतील."

 पंखा बोलत राहिला. त्याचं तेल मंजूर झालेलं होतं, त्यामुळे त्याच्या किरकिरीत आता घाई नव्हती. पडद्यातून वारा आला, पिवळं ऊन सगळ्यांच्या अंगावरून एकदा वर गेलं आणि एकदा खाली आलं, आणि क्षणभर ती अख्खी खोली, चार जागी माणसं आणि एक झोपलेली, कुठल्याशा मजल्यावर हळूच थांबल्यासारखी वाटली.

तेव्हा भोंगा झोपेत बोलली.

"ते माझं आहे. ठेव खाली."

आवाज घोगरा होता, नाकातला, वैतागलेला, आणि मोठा. इतका मोठा, की शेजारच्या घरात कुणीतरी हातातलं भांडं ठेवल्याचं ऐकू आलं. धाकट्याच्या हातात काहीही नव्हतं, तरी त्याने मूठ उघडली आणि हात जमिनीवर पालथा ठेवला. वीसेक वर्षांत हा हुकूम त्याला आला नव्हता, पण हाताला आठवण होती.

आई कोपरावर उठली.

उठली आणि तशीच राहिली. बाबांच्या जागेवरून, उन्हाच्या चौकोनावरून, काकाच्या पोटावरून पलीकडे दाराशी झोपलेल्या मुलीकडे ती बघत होती. या खोलीत, बैठक चालू असताना, कुणी कुणाचा चेहरा असा सरळ बघितल्याची नोंद नाही. भोंग्याचं तोंड उघडं होतं आणि कपाळाला आठी होती.

"वहिनी," काका छताकडे बघतच म्हणाला, "कोपर."

"माहीत आहे मला."

"मत बाद होईल."

"होऊ दे ना," आई म्हणाली. आणि कोपर बदललं, कारण त्याला रग लागली होती.

उन्हाचा चौकोन बाबांची जागा सोडून भिंतीवर चढायला लागला तेव्हा भोंगा जागी झाली. आपण कुठे आहोत हे कळायला तिला थोडा वेळ लागला. छत पाहिलं आणि कळलं.

"काय ठरलं?"

"पंख्याला तेल द्यायचं ठरलं," धाकटा म्हणाला. "तुझ्या होकाराने. आणि तू नोकरी सोडायची. दोन विरुद्ध एक."

"आई तर राहा म्हणत होती."

"तिचं मत बाद झालं."

"कसं?"

"कोपर," काका म्हणाला.

भोंग्याने मान वळवून आईकडे बघितलं. बैठक संपली होती, त्यामुळे आता चालण्यासारखं होतं. आई पुन्हा उताणी पडली होती आणि तिच्या कोपरावर सतरंजीची वीण लाल उमटली होती. भोंग्याने बराच वेळ ती वीण बघितली. मग ती हसली की खोकली ते नीट कळलं नाही, पण जे काही होतं ते घोगरं होतं, आणि आईने डोळे मिटून ते ऐकलं.

"लिफ्टमधली तुमचीच राहील," काकाने आईला ऐकू जाईल इतपत हळू सांगितलं. "मी बदलू देणार नाही. बघूच कोण वर चढून बदलतो ते."

"लिफ्टमधली चांगली आहे," आई म्हणाली. "तिचं काही म्हणणं नाही माझं."

"आणि ऑफिसातली?" धाकट्याने विचारलं.

 ऑफिसातली तिथेच राहणार होती, स्पीकरमध्ये, बटणामागे. साहेबाजवळ 'लाज' नव्हती, 'सामान' नव्हतं. पण जे होतं ते त्याला पुरणार होतं, हे भोंग्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती उठली नाही. तिने हात छातीवर ठेवले, घसा खाकरला, आणि हेडफोन घातल्यासारखा चेहरा सरळ केला. मग तिने तो आवाज काढला. स्वच्छ, सरळ, गुळगुळीत, शहरात कुठेही ऐकू येणारा. घरात तो शेवटचाच. आत्या सवयीने तिचं मनगट धरून बसली.

"कंपनीने कृपया नोंद घ्यावी," आवाज छताला म्हणाला. "सदर कर्मचारी उद्यापासून कामावर येणार नाही. कर्मचाऱ्याचा आवाज कार्यालयातच राहिला आहे. तो स्वभावाने मोठा असून त्याला ओरडण्याची सवय नाही, फक्त हाक मारण्याची आहे. तरी त्याला कोणत्याही व्यक्तीकडे 'पाहावे' असे म्हणावयास लावू नये. दुपारी जेवणानंतर त्यास थोडा वेळ आडवे होऊ द्यावे. आणि संध्याकाळी कार्यालय बंद करतेवेळी, इतर कर्मचाऱ्यांबरोबर, त्यासही घरी सोडण्यात यावे, ही विनंती."